फिश ऑइल घेऊ का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिश ऑइलबद्दल मला येणारे निम्मे प्रश्न दोन शब्दांत मावतात: "घेऊ का?" मी उलट विचारतो, "कशासाठी?" त्यावर बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "असंच, चांगलं असतं म्हणे." खालची उत्तरं मुख्यतः या "असंच"वाल्यांसाठी आहेत.

फिश ऑइल म्हणजे नेमकं कशाचं तेल?

अँकोव्ही, सार्डिन, मॅकरेल अशा तेलकट माशांच्या अंगातून काढलेलं तेल. त्यातले आपल्या कामाचे पदार्थ दोनच, ईपीए आणि डीएचए. दोन्ही ओमेगा-३ कुळातली मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक. उरलेलं तेल म्हणजे इतर चरबी. गंमत अशी, की मासाही ही मेदाम्लं स्वतः फारशी बनवत नाही. समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ ती बनवतं. शेवाळ बारीक जीव खातात, त्यांना मासे खातात आणि माशाच्या अंगात ती साठत जातात. शाकाहारी मंडळींच्या प्रश्नात हे शेवाळ पुन्हा येणार आहे.

डीएचए आपल्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात भरपूर असतं. ईपीएपासून शरीर दाह आणि रक्त गोठणं यांच्याशी संबंधित रसायनं तयार करतं. जाहिराती इथून एकदम उडी मारतात: मेंदूत डीएचए असतं, म्हणून गोळी घ्या आणि तल्लख व्हा. घर विटांचं असतं हे खरं, पण बांधून झालेल्या घरापुढे आणखी एक ट्रक विटा ओतल्या म्हणून खोली वाढत नाही.

बाटलीवर १००० मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे तेवढं ओमेगा-३ मिळतं ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

बाटली हातात घ्या आणि उलटी फिरवा. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत "१००० मिलिग्रॅम" असतं, ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरांत दोन ओळी सापडतील. साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम असतं. बेरीज ३००. म्हणजे हजारातले सातशे मिलिग्रॅम हे तुम्ही ज्यासाठी बाटली घेतली ते नव्हेच. "सांद्र" किंवा "ट्रिपल स्ट्रेंथ" म्हणवणाऱ्या गोळ्यांत ही बेरीज बरीच जास्त असते.

आणखी एक फसगत "एका मात्रेत" या शब्दात लपते. लेबलवरचा आकडा कधी एका गोळीचा असतो, कधी दोन गोळ्यांचा. मात्रा म्हणजे किती गोळ्या, ते आधी पाहायचं आणि मग बेरीज करायची. या दोन ओळी वेगळ्या दिलेल्याच नसतील आणि नुसतंच "ओमेगा-३, ६, ९" असं भारदस्त नाव असेल, तर मी ती बाटली परत ठेवतो. ६ आणि ९ साध्या खाद्यतेलांतून आपल्याला मिळतच असतात.

हृदयासाठी उत्तम, हे तर सगळेच म्हणतात. खरं काय?

उत्तर लांब आहे, कारण गेल्या पन्नास वर्षांत ते अनेकदा बदललं.

सुरुवात ग्रीनलंडमध्ये झाली. १९७० च्या दशकात हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी तिथल्या इन्युइट लोकांचं रक्त तपासलं. सील आणि माशांच्या चरबीवर जगणारी ही माणसं, पण त्यांच्या रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी एक प्रकारची चरबी, कमी होते. त्यांना हृदयविकारही कमी होतो, असं नोंदी सांगत होत्या. त्यातून माशाच्या तेलाची कीर्ती जगभर झाली. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हे जुनं काम पुन्हा चाळलं. बँग आणि डायरबर्ग यांनी हृदयविकाराचं प्रमाण स्वतः मोजलंच नव्हतं. त्यांची भिस्त सरकारी नोंदींवर होती, आणि त्या विखुरलेल्या वस्त्यांत डॉक्टर पोचणंच मुश्कील होतं.

तरी कल्पना पूर्ण पोकळ नव्हती. १९९९ मध्ये इटलीतल्या जिसी चाचणीचे निकाल आले. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ११,३२४ रुग्ण त्यात होते. रोज सुमारे एक ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. पण तो काळ वेगळा होता, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं, घेणारे रुग्ण थोडे होते. पुढच्या काळात चांगली औषधं सर्रास मिळू लागली आणि फिश ऑइलला करून दाखवायला फारशी जागाच उरली नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या असेंड चाचणीत १५,४८० मधुमेहींना सरासरी सात वर्षांहून अधिक काळ रोज एक ग्रॅमची गोळी दिली. हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यात फरक पडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीचा निकाल आला. २५,८७१ प्रौढ, सुमारे पाच वर्षं. मुख्य निकषावर तिथेही फरक नाही. हृदयविकाराचे झटके तेवढे कमी दिसले आणि मासे कमी खाणाऱ्यांत फायद्याची खूण दिसली. पण तो दुय्यम निष्कर्ष. त्यावर पुढचा प्रयोग बेतावा, रोजची सवय नव्हे.

मग आली रिड्यूस-इट ही चाचणी. स्टॅटिन घेऊनही ज्यांचे ट्रायग्लिसराइड चढे होते अशा ८,१७९ लोकांना रोज ४ ग्रॅम शुद्ध केलेलं ईपीए दिलं. हे दुकानातलं फिश ऑइल नव्हे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध. हृदयाच्या गंभीर घटना २२ टक्क्यांवरून १७.२ टक्क्यांवर आल्या. फटाके वाजायला हरकत नव्हती, पण लगेच वाद सुरू झाला: तुलनेसाठी दिलेल्या खनिज तेलानेच दुसऱ्या गटाचं नुकसान केलं नसेल ना? त्या गटात वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं. पुढे स्ट्रेंग्थ या १३,०७८ जणांच्या चाचणीत ईपीए आणि डीएचए मिळून ४ ग्रॅम दिले, तुलनेला मक्याचं तेल ठेवलं, आणि फायदा दिसेना म्हणून २०२० मध्ये ती मुदतीआधीच थांबवली. फरक शुद्ध ईपीएमुळे की खनिज तेलामुळे, यावर हृदयरोगतज्ज्ञ अजून भांडतात.

माझं मत विचाराल तर: धडधाकट माणसाने हृदय सांभाळायला साधी फिश ऑइलची गोळी घेण्यात फारसा अर्थ नाही. ज्यांना झटका येऊन गेलाय किंवा ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले आहेत, त्यांनी हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांना विचारावा, तोही "फिश ऑइल घेऊ का" असा नाही, तर "मला चिठ्ठीवरचं ईपीए लागू आहे का" असा.

मग ट्रायग्लिसराइड तरी खरंच कमी होतात का?

होतात. इथे वाद नाही. यकृत रक्तात चरबीचे जे कण सोडतं त्यांचं उत्पादन ओमेगा-३ मुळे घटतं. रोज ४ ग्रॅमच्या औषधी मात्रेत ट्रायग्लिसराइड साधारण २० ते ३० टक्के उतरतात, फार चढे असतील तर आणखी. रिपोर्टमध्ये १५० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली असलेला आकडा ठीक, आणि ५०० च्या वर गेला की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. तिथे हे औषध खऱ्या अर्थाने उपयोगी.

पण मघाची बेरीज आठवा. चार सोडा, ३ ग्रॅम ईपीए-डीएचए साध्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांतून मिळवायचं तरी रोज दहा गोळ्या. एक गोळी घेऊन रिपोर्टमधला आकडा हलत नाही म्हणून हिरमुसणारे खूप भेटतात. दारू, साखर आणि वाढलेलं वजन यांकडे त्याच वेळी पाहिलं नाही, तर दहा गोळ्याही अपुऱ्या पडतील.

कोलेस्टेरॉल वाढलंय. स्टॅटिनऐवजी हे चालेल?

चालणार नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, फिश ऑइलने कमी होत नाही. ट्रायग्लिसराइड खूप जास्त असलेल्यांत डीएचए असलेल्या तेलाने ते उलट थोडं वाढूही शकतं. स्टॅटिन परस्पर बंद करून "नैसर्गिक" म्हणून ही गोळी सुरू करू नका.

नैसर्गिक आहे, तर अपाय काय होणार?

बहुतेकांना माशाच्या वासाचे ढेकर, मळमळ किंवा जुलाब, एवढंच. एक गोष्ट मात्र गंभीर आहे. मोठ्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो. रिड्यूस-इटमध्ये त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेले ३.१ टक्के होते, दुसऱ्या गटात २.१. २०२१ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा रोज एक ग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांत हा धोका सुमारे ४९ टक्क्यांनी जास्त आढळला आणि त्याहून कमी घेणाऱ्यांत सुमारे १२ टक्क्यांनी. २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी चिठ्ठीवरच्या ओमेगा-३ औषधांच्या माहितीपत्रकात हा दुष्परिणाम नोंदवायला सांगितलं. ज्यांना आधीच हा त्रास आहे किंवा अधूनमधून छातीत अनियमित धडधडतं, त्यांनी मोठी मात्रा मनाने घेऊ नये.

माशाची ॲलर्जी असेल तरीही आधी विचारा. तेलात प्रथिनं जवळजवळ नसतात, पण "जवळजवळ"च्या भरवशावर प्रयोग करू नये.

रक्त पातळ होतं म्हणे. ऑपरेशनच्या आधी बंद करावं का?

"पातळ होतं" हा शब्दप्रयोग जरा सैल आहे. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, एकमेकींना थोड्या कमी चिकटतात, इतकंच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये म्हटलं, की रोज ५ ग्रॅमपर्यंत पूरक ईपीए-डीएचए घेतल्याने प्रौढांत रक्तस्रावाचा धोका वाढत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या १,५१६ रुग्णांच्या चाचणीतही फिश ऑइल घेणाऱ्यांत रक्तस्राव वाढला नाही. तरीही वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त गोठू न देणारी तशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, आणि भूलतज्ज्ञ "काय काय घेता" विचारतील तेव्हा ही गोळी यादीतून वगळू नका. लोक ती औषधात धरतच नाहीत, म्हणून सांगायची राहून जाते.

गुडघे दुखतात. फायदा होईल?

कोणती सांधेदुखी, त्यावर आहे. आमवातात, म्हणजे रूमॅटॉइड प्रकारात, रोज सुमारे ३ ग्रॅम ईपीए-डीएचए निदान तीन महिने घेतल्यास सकाळचा ताठरपणा आणि वेदनाशामकांची गरज काहीशी कमी होते. मूळ औषधं चालूच ठेवून, अर्थात.

वयाबरोबर होणाऱ्या गुडघ्याच्या झिजेबद्दल एवढ्या खात्रीने बोलता येत नाही. ऑस्ट्रेलियात २०२ जणांवर एक चाचणी झाली होती. एका गटाला ४.५ ग्रॅम, दुसऱ्याला त्याचा दहावा हिस्सा. दोन वर्षांनंतर वेदना कमी मात्रेच्या गटात जास्त उतरल्या होत्या! "जास्त घेतलं की जास्त बरं" म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा आवर्जून सांगतो.

मुलं हुशार होतात का? आणि म्हातारपणी विसरभोळेपणा?

ब्रिटनमध्ये ७ ते ९ वर्षांच्या, वाचनात मागे पडलेल्या मुलांना रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए दिलं. २०१२ च्या निकालात सर्वांत मागे असलेल्या मुलांच्या वाचनात सुधारणा दिसली आणि गोळ्या विकणाऱ्यांनी तो निकाल डोक्यावर घेतला. त्याच संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, २०१८ मध्ये निकाल आला: फरक नाही. या दुसऱ्या निकालाची जाहिरात कुठे पाहिलीत? मीही नाही.

वयस्कांत स्मरणशक्ती टिकवण्याबाबतही गोळ्यांच्या चाचण्या निराशाच करतात. आयुष्यभर मासे खाणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसतो खरा, पण अशी माणसं इतरही अनेक बाबतींत वेगळी जगतात.

नैराश्यावर?

नैराश्याचं निदान झालेल्यांत, ईपीएचं प्रमाण जास्त असलेल्या गोळ्यांनी मूळ उपचाराला थोडी जोड मिळते, असं काही चाचण्यांत दिसलंय. नैराश्य येऊच नये म्हणून घेण्याचा मात्र उपयोग नाही. व्हायटलमधल्या १८,००० हून अधिक लोकांवर हे तपासून झालं. औषध बंद करून गोळी, हा पर्याय नव्हे.

मी गरोदर आहे. घेऊ का?

"कशासाठी" या प्रश्नाला बऱ्यापैकी चांगलं उत्तर आहे अशी, ट्रायग्लिसराइडनंतरची, ही दुसरी जागा. २०१८ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ७० चाचण्या एकत्र पाहिल्या. ओमेगा-३ घेणाऱ्या गरोदर स्त्रियांत ३७ आठवड्यांआधी बाळंत होण्याचं प्रमाण १३.४ वरून ११.९ टक्क्यांवर आलं आणि ३४ आठवड्यांआधीचं ४.६ वरून २.७ वर. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या साडेपाच हजार स्त्रियांच्या चाचणीत एकूणात फरक दिसला नाही. ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ मुळात कमी होतं त्यांना फायदा झाला असावा, असं पुढच्या विश्लेषणात दिसलं. म्हणजे मासे खात नसाल तर विचार करण्यासारखं आहे. गरोदरपणात रोज निदान २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावं, अशी शिफारस सर्रास केली जाते. तुमच्या डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळीत डीएचए आधीच आहे का, ते आधी पाहा. आणि पुढचा प्रश्न न वाचता कॉड लिव्हर ऑइल उघडू नका.

कॉड लिव्हर ऑइल आणि फिश ऑइल एकच ना?

नाही. एक माशाच्या अंगातलं, दुसरं कॉड माशाच्या यकृतातलं. यकृतात अ आणि ड जीवनसत्त्वं साठतात, म्हणून ते तेल पूर्वी मुडदूस झालेल्या मुलांना चमच्याने पाजत. ओमेगा-३ वाढवायला म्हणून चमच्यांवर चमचे घेतले, तर अ जीवनसत्त्व नको इतकं जातं. गरोदरपणात त्याचा अतिरेक गर्भात व्यंग निर्माण करू शकतो, म्हणून त्या काळात हे तेल टाळतात.

डोळे कोरडे पडतात. नेत्रतज्ज्ञांनी सुचवलं होतं.

पूर्वी सर्रास सुचवत. मग २०१८ मध्ये ड्रीम नावाची चाचणी झाली: ५३५ रुग्ण, रोज ३ ग्रॅम, वर्षभर. तुलनेला ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं, सारखंच.

केस, त्वचा, वजन?

ठोस पुरावा नाही. पुढचा प्रश्न.

मी आठवड्यातून दोनदा मासे खाते. तरी गोळी हवी?

बहुधा नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा सल्लाच आठवड्यातून दोनदा मासे, शक्यतो तेलकट, असा आहे. माशासोबत प्रथिनं, आयोडिन, सेलेनियमही मिळतात, आणि ताटात मासा आला की दुसरं काहीतरी, बहुधा कमी बरं, बाहेर जातं. गोळीला हे जमत नाही. तळून काढलेल्या माशाला मात्र मी या हिशेबात धरत नाही.

शाकाहारी आहे. जवस पुरेल?

जवस, अक्रोड, चिया यांत एएलए नावाचं ओमेगा-३ असतं. ते आवश्यकच आहे, खात राहा. पण शरीर त्यातलं थोडंच ईपीएमध्ये बदलतं आणि डीएचएपर्यंत तर अगदी नगण्य पोचतं. थेट ईपीए-डीएचए हवं असेल तर शेवाळाचं तेल घ्या. माशाला जिथून मिळतं तिथूनच, मधला मासा वगळून. कॅप्सूलचं आवरण कशाचं आहे तेही वाचा. तेल शेवाळाचं आणि आवरण प्राण्यांच्या जिलेटिनचं, असंही असू शकतं.

माशात पारा असतो, मग तेलात?

पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांना चिकटतो, तेलात फारसा उतरत नाही. चरबीत विरघळणारी पीसीबीसारखी (कारखान्यांत वापरली जाणारी रसायनं) प्रदूषकं तेलात येऊ शकतात. ती काढायला तेल शुद्ध केलं जातं. त्रयस्थ प्रयोगशाळेने तपासल्याची खूण असलेली बाटली निवडावी ती यासाठी.

कधी घ्यायची? ढेकरांनी जीव नकोसा होतो.

दिवसातल्या मोठ्या जेवणासोबत. चरबी असलेल्या अन्नाबरोबर तेल नीट शोषलं जातं, आणि इथाइल इस्टर प्रकारच्या, म्हणजे प्रक्रिया करून सांद्र केलेल्या, तेलाला तर ती गरज जास्तच. सकाळी उपाशीपोटी घेतली की निम्मं वाया आणि वर ढेकर. मात्रा दोन जेवणांत विभागूनही पाहा. तरीही ढेकर फारच घाणेरडे येत असतील तर दोष पोटाचा नसेलही.

गोळी खराब झालीय हे कसं ओळखायचं?

एक गोळी बशीत ठेवा, सुईने टोचा आणि दाबा. पिवळसर तेलाचा थेंब बाहेर येईल. बोटावर घ्या, हुंगा, जिभेच्या टोकाला लावा. ताज्या तेलाला माशाचा मंद वास असतो. जुन्या रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला, घशात खरखरलं, तर तेल खवट आहे. लिंबाचा किंवा संत्र्याचा वास घातलेल्या गोळीत नाक फसतं, जीभ सहसा फसत नाही.

हे तेल इतक्या लवकर खवट का होतं? डीएचएच्या रेणूत सहा दुहेरी बंध असतात, ईपीएत पाच. थंडगार पाण्यातही माशाची चरबी गोठत नाही ती यांच्यामुळे, आणि हवेतला प्राणवायू हल्ला करतो तोही याच जागांवर. म्हणून बाटली उन्हात, गॅसजवळ ठेवायची नाही. झाकण घट्ट, जागा थंड आणि अंधारी. एकदम मोठी बाटली घेऊन वर्षभर पुरवण्यापेक्षा लहान बरी.

किती दिवसांत फरक कळतो? बंद केली तर?

ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांत उतरू लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशींतलं ओमेगा-३ वाढायला तीन-चार महिने लागतात, कारण पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि जुन्या पेशी जाऊन नव्या यायला तेवढा वेळ जातोच. त्या पेशींत ईपीए-डीएचए किती टक्के आहे हे मोजणारी ओमेगा-३ इंडेक्स नावाची तपासणी असते. ८ च्या वर चांगलं, ४ च्या खाली कमी, असं धरतात. गोळी बंद केली की पातळी हळूहळू मूळ जागी जाते, त्याचा त्रास काही होत नाही. ट्रायग्लिसराइडसाठी घेत असाल तर सुरू करण्याआधी एक रिपोर्ट आणि तीन महिन्यांनी दुसरा, दोन्ही उपाशीपोटी दिलेल्या रक्ताचे, शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा.